पऱ्हाटीतला लाल टी-शर्ट

माझ्या मित्राच्या सिनेमात शेवटी नायकाचा बाप वावरात मरतो. त्या मरणाचा जो मूळ शॉट काढला, त्यात त्याच्या मागे, पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, छातीपर्यंत बुडालेला, लाल टी-शर्ट घातलेला आणि डोळ्याला व्हिडीओ कॅमेरा लावलेला जो माणूस दिसतो, तो मी आहे. सिनेमात मला काम नव्हतं. सिनेमाची गोष्ट ज्या काळात घडते त्या काळात व्हिडीओ कॅमेराच काय, त्या गावात वीजसुद्धा आलेली नव्हती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर निम्मी गोष्ट झाली की कोणीतरी मध्येच विचारतो, "थो लाल म्हंजे तूच ना बे?" आणि मग पुढचं कोणी ऐकत नाही.

चिखलीत माझा लग्नाचे व्हिडीओ काढायचा धंदा आहे. या धंद्याचा एक रोग आहे. व्हिडीओवाल्याला हळूहळू वाटायला लागतं की आपल्याला शरीरच नाही. लग्नात त्याला कोणी अडवत नाही. नवरी रडत असते, तिची आई रडत असते, दोघींच्या मध्ये वीतभर जागा असते, त्या जागेत तो कॅमेरा घालतो. मी अंतरपाटाला नाक लावून उभा राहिलेलो आहे, मंगलाष्टकं चालू असताना भटजींच्या खांद्यावर कोपर टेकवलेला आहे, आणि एकदा होमाचा धूर नीट दिसेना म्हणून तोंडाने फुंकरसुद्धा घातली आहे. भटजींनी मंत्र न थांबवता माझ्याकडे असं पाहिलं की पुढची आहुती मीच. पण हाकललं नाही. दुसरा कॅमेरावाला माझ्या व्हिडीओत दिसतो, मी त्याच्या व्हिडीओत दिसतो, आणि घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. मांडवाच्या खांबांसारखे आम्ही धरलेलेच असतो.

दुसरा रोग मी माझ्या हाताने लावून घेतला. मला सिनेमे बघायला फारसे आवडत नाहीत. सिनेमे कसे केले हे दाखवणाऱ्या फिल्मा आवडतात, आणि त्यातही फसलेल्या सिनेमांच्या. हळद आणि वरात यांच्यामध्ये जो लांबलचक रिकामा वेळ असतो, त्यात मी आचाऱ्याच्या भट्टीमागे खुर्ची टाकून मोबाईलवर त्याच बघत बसतो. कुठल्या तरी देशातला दिग्दर्शक सगळा लवाजमा घेऊन समुद्रावर गेलेला असतो आणि त्याची होडी सरळ उभीच राहत नाही. दुसऱ्या एकाचा रबरी राक्षस नायिकेच्या अंगावर धावून येता येता वाटेतच हवा सोडून बसतो. तिसऱ्याचा नायक भांडून निघून गेलेला असतो आणि उरलेला अर्धा सिनेमा शिंप्याच्या भावाला पाठमोरा उभा करून काढलेला असतो. हे मूळ सिनेमे मी पाहिलेले नाहीत. गरजच वाटली नाही. इंग्रजी मला निम्मंच कळतं, पण तोंड पडलेला दिग्दर्शक कोणत्याही भाषेत पूर्ण कळतो.

चांगल्या सिनेमाचं मेकिंग म्हणजे साखरपुड्याचा व्हिडीओ. सगळे नटलेले, सगळे हसणारे, जो तो दुसऱ्याची तारीफ करणारा. फसलेल्या सिनेमाचं मेकिंग म्हणजे ऐन लग्नात जनरेटर बंद पडला की मांडवात जे होतं ते. नवरीचा बाप कसा आहे हे तेव्हा कळतं. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरची भाजी करपली की तुमाले लय दुरून वास येते." आणि आमच्या घरची भाजी ढवळायला निघून गेली.

तर असा मी, आणि माझ्याकडे हा मित्र आला. आम्ही दोघे मूळचे साखरखेर्ड्याचे, एका बाकावरचे. तो हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, गॅदरिंगची नाटकं बसवतो, आणि त्याच्या आजाच्या काळातली एक घरातली गोष्ट बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरत होता. आता तिचा वऱ्हाडी बोलीत सिनेमा करायचा त्याने नक्की केलं होतं. बापाचं काम त्याचे स्वतःचे वडील करणार होते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. मला तिसरीत त्यांनीच शिकवलं. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो, त्यांचा मुलगासुद्धा घराबाहेर गुरुजीच म्हणतो.

"तू मेकिंग काढजो," मित्र म्हणाला. "सिनेमा झाला की लोकायले दाखवू, कशी मेहनत केली थे."

मी हो म्हणालो. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात मेहनत नव्हती. त्याने माझ्या दुकानात बसून सगळी पटकथा वाचून दाखवली होती. मी दोनदा चहा सांगितला, एक गिऱ्हाईक वाटेला लावलं, लघवीला जाऊन आलो, आणि नायक अजून विहिरीपाशीच उभा राहून मातीबद्दल बोलत होता. मला तेव्हाच कळलं की हा सिनेमा फसणार. आणि फसणाऱ्या सिनेमाचं मेकिंग पहिल्या दिवसापासून काढायला मिळणं, हे आमच्या जिल्ह्यात पुन्हा कोणाच्या नशिबी येणार होतं? मला रात्रंदिवस चैन पडेना. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मी मुहूर्ताच्या आठवडाभर आधीपासून चार्ज करून ठेवल्या.

मित्राला मात्र यात गंमत नव्हती. लहानपणी गुरुजींनी त्याला ज्या टॉकीजमध्ये पहिला सिनेमा दाखवला, त्याच टॉकीजच्या पडद्यावर गुरुजींना दाखवायचं, एवढं एकच त्याने धरलेलं होतं. त्यासाठी तो टॉकीजच्या मालकाला भेटून आला होता. हा मालक चांगल्या चांगल्या सिनेमांतून अर्ध्यात उठून जाण्याबद्दल तालुकाभर प्रसिद्ध. त्याने सांगितलं, "आधी मी पाहीन. शेवटपर्यंत बसलो तं लावीन. अन् शेवट धड करजो. शेवट बिघडला की लोक माह्या खुर्च्या मोडतात." मित्राने हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की ते मी मेकिंगच्या सुरुवातीला टाकायचं ठरवून टाकलं.

शूटिंग साखरखेर्ड्याजवळ, मित्राच्या काकाच्या वावरात. माझी तर दिवाळीच. पहिल्याच दोन दिवसांत नायकाचा पांढरा बैल त्याच्या मालकाने बीबी गावच्या बाजाराला नेला आणि त्याच्या जागी तांबडा आला. म्हणजे नायक वाड्याच्या फाटकातून आत शिरतो तो पांढऱ्या बैलासोबत आणि गोठ्यापाशी पोहोचतो तो तांबड्या. हे मला जागच्या जागी दिसलं. बोललो नाही. कॅमेरा जरा जवळ नेला. नायिका पुण्याहून आणली होती. फार गुणी मुलगी, पण वऱ्हाडी ती मोबाईलवर ऐकून शिकली होती आणि 'मले' म्हणताना तिचा आवाज असा वर जायचा की जणू पुढे गाणं आहे. बांधावर बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "हे पोरगी बिमार हाय का रे? अशी काऊन बोलून राह्यली?" मी म्हातारीचंही शूटिंग केलं.

मी एका जागी ठरत नव्हतो. झाडावर चढ, ट्रॅक्टरवर उभा राहा, जेवणाच्या पंगतीत घुस. ध्वनीवाल्याच्या माईकला मुंग्या लागल्या तेव्हा तो कपडे झटकत नाचला, तेही माझ्याकडे आहे. संध्याकाळी मित्र ओठ चावत माझ्याजवळ यायचा.

"कसं वाटून राह्यलं तुले?"

"मस्त," मी म्हणायचो. खोटं एका अक्षराचंही नव्हतं.

मग शेवटचा प्रसंग आला. त्याच्या आदल्या दिवशी काकूंना, म्हणजे मित्राच्या आईला, कळलं की सिनेमात गुरुजी मरतात. तोपर्यंत त्यांना सांगितलं होतं की गुरुजी 'शेवटी शांत होतात'. काकू तडक वावरात आल्या.

"मी हाय नं जित्ती? मंग माह्यासमोर कपाळाचं कुंकू पुसायचं सोंग करतं तू?"

"आई, सिनेमा हाय."

"सिनेमा असन. एक डाव मरतीन थे. लगेच मी ओवाळीन, तोंडात साखर घालीन, अन् थे सगळ्यायसमोर हासतीन. मेल्याचं सोंग घेतलं की लगेच हासाव लागते. नाहीतं सोंग अंगावर बसते."

"दोन-तीन डाव घ्याव लागते आई. एकाच डावात नाही जमत."

"काऊन नाही जमत? खरे मरतात थे एकाच डावात मरतात ना? पुन्हा मारायचा असन तं दुसऱ्याचा बाप पाहाय."

गुरुजी लिंबाखाली चेहऱ्याला रंग लावून बसले होते. ते म्हणाले, "मलेबी विचारा ना कोणी."

"तुमी गप राहा," मायलेक एकदम म्हणाले.

म्हणजे एकच डाव. तालीमसुद्धा गुरुजींनी बसूनच केली. आडवं पडायची परवानगी नव्हती. कॅमेरामन संभाजीनगरचा होता. त्याने सायकलच्या चाकांची गाडी करून फळ्यांवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा चढवला. गुरुजी पऱ्हाटीच्या कडेला पडलेले, कॅमेरा दुरून हळूहळू त्यांच्याकडे येणार, आणि तो जवळ पोहोचेपर्यंत त्यांचा जीव जाणार, अशी मांडणी. काकू आरतीचं ताट घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारीच उभ्या, निरांजन पेटवलेलं. वारा लागून विझू नये म्हणून पदर आडवा धरलेला.

मी गुरुजींच्या उजव्या हाताला, पऱ्हाटीच्या आड दडून, चित्रात येणार नाही असा, त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. सुरू झालं. बांधावरचे लोक गप्प. आणि गुरुजींनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते काहीच करत नव्हते. डोळे उघडे, एक हात बोंडावर, बोटांनी कापूस चाचपत होते, मध्येच थांबत होते, वेचायला आला की नाही ते बघितल्यासारखे. मला तिसरीतले गुरुजी आठवले, पाटीवरचं गणित तपासताना असंच बोट फिरवायचे.

तिथेच बसून राहायला हवं होतं. पण माझ्या पायांना ती सवय नाही. मला आठवलं की मी आजवर पाहिलेल्या सगळ्या मेकिंगमध्ये अशा ऐनवेळी कॅमेरा वळतो तो दिग्दर्शकाच्या तोंडाकडे. मित्र कॅमेऱ्याला खेटून उभा होता. त्याचं तोंड मला इथून दिसत नव्हतं, कानच दिसत होता. तोंड बघायचं तर समोरून बघायला हवं. मी वाकलो, पऱ्हाटीत शिरलो, काट्याकुट्यांतून वळसा घेतला आणि गुरुजींच्या मागच्या बाजूने वर आलो.

माझ्या कॅमेऱ्यात मित्राचा चेहरा अगदी बरोबर बसला. डोळ्यांत पाणी, ओठ दाताखाली. त्याच्या शेजारी तो मोठा कॅमेरा सायकलच्या चाकांवरून माझ्याकडे येत होता. त्याच्या काचेत मी सरळ पाहिलं. ती काच माझ्याकडे पाहत होती. आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. लग्नात हे रोज होतं.

मित्र 'कट' म्हणाला. काकू ताट घेऊन धावल्या. गुरुजींना उठवून बसवलं, ओवाळलं, साखर भरवली. "हासा," काकू म्हणाल्या. गुरुजी हसले. "आणखी हासा." ते आणखी हसले. मग सगळेच हसले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. कॅमेरामन म्हणाला, एकदम झकास. छोट्या पडद्यावर त्याला मागे एक तांबडा ठिपका दिसला होता, पण सकाळीच काकांनी त्याला सांगितलं होतं की या बाजूच्या पऱ्हाटीवर लाल्या आला आहे, पानं लाल पडली आहेत. त्याला वाटलं, हाच तो रोग.

तसा तो चुकला नव्हता.

पुढे पऱ्हाटी उपटली गेली, वावर नांगरलं गेलं. संकलनाचं काम संभाजीनगरला चालू होतं. एके दिवशी दुपारी मित्राचा फोन आला. आवाज फार शांत.

"त्या दिवशी तू कोणत्या रंगाचा टी-शर्ट घातला होता बे?"

"कोणत्या दिवशी?"

"गुरुजी मेले त्या दिवशी."

मी खाली पाहिलं. तोच अंगात होता. दुकानाचे आम्ही सगळ्यांसाठी सारखे करून घेतलेले, छातीवर दुकानाचं नाव, पाठीवर 'आठवणी जपतो'. मी म्हणालो, "आठवत नाही बा." तो म्हणाला, "दुकानाचं नाव वाचता येऊन राह्यलं." आणि फोन ठेवला.

संकलकाने मला पुसायचा प्रयत्न केला. पण कॅमेरा हलता, पऱ्हाटी वाऱ्याने हलती, आणि मीही हलता. पुसल्यावर माझ्या जागी एक थरथरणारा, पाण्यासारखा धूसर आकार उरला. बाप मेला आणि लगेच त्याचा आत्मा उभा राहून इकडे-तिकडे बघू लागला, असं दिसायला लागलं. मग जवळून कापून पाहिलं, तर गुरुजींचं अर्धं कपाळ जात होतं. पुन्हा शूटिंग करायचं म्हटलं तर वावरात पऱ्हाटी नव्हती आणि घरात काकू होत्या. मित्राने एकदा विषय काढून पाहिला. काकूंनी त्याला जेवायला वाढलं नाही.

टॉकीजच्या मालकाने दिलेला दिवस जवळ येत होता. मला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. एका लग्नात सप्तपदी चालू असताना मी कॅमेरा चालू करायचाच विसरलो. त्या जोडप्याला शेवटी दुसऱ्या कॅमेऱ्यातली सप्तपदी दिली, तीत पावलं कमी आणि मी जास्त आहे. मग एकदम लक्षात आलं की ज्या चित्रात मी नाही, असं त्या प्रसंगाचं चित्र जगात एकच आहे: माझं. वळसा घालण्याआधी मी गुरुजींच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होतो. तो चेहरा, ते बोंड, ती बोटं, सगळं माझ्याकडे होतं.

मी मित्राला बोलावलं. तो गुरुजींना घेऊन आला. त्यांचे डोळे तपासायचे होते म्हणून ते चिखलीला आलेच होते. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मोठ्या पडद्यावर लावलं. मी स्वतः ते फुटेज काढल्यापासून एकदाही पाहिलेलं नव्हतं. मेकिंगची सगळी मजा मी शेवटी, एकदम, निवांत बसून घेणार होतो ना.

गुरुजींचा चेहरा आला. थोडा तिरका, थोडा लग्नाच्या व्हिडीओसारखा उजळ, पण स्वच्छ. मित्र पुढे सरकला. त्याच्या ओठावरचा दात सुटला. मला वाटलं, वाचलो.

आणि मग पडद्यातून कोणीतरी कुजबुजलं. माईकला तोंड लावून बोलल्यासारखं, अगदी जवळून, अगदी आर्जवाने:

"चुकू दे रे बाप्पा. काहीतरी चुकू दे."

तो आवाज माझा होता. मी असं काही बोललो हे मला आठवत नव्हतं. आताही आठवत नाही. पण आवाज माझाच, आणि तो थांबेना. "चुकू दे… एखादं कुत्रं तरी येऊ दे मधात…" पडद्यावर गुरुजी मरत होते आणि त्यांच्या डोक्याशी बसून मी कुत्र्याची वाट पाहत होतो.

मित्राने रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. मला वाटलं आता तो मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान बसायला जागा मिळाली असती. मी उभा होतो आणि कुठे बघावं कळत नव्हतं.

"सगळे दिवस असंच बोलून राह्यला होता का तू?"

"नाही… म्हंजे आवाज नव्हता करत."

"बैलाचं तुले माहीत होतं?"

मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमत नाही, त्यामुळे ते लगेच ओळखू आलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "तिसरीतबी असाच होता हा," ते मुलाला म्हणाले. "स्वतःचं गणित अर्ध्यात सोडून शेजारच्याचं चुकलं का ते पाहाचा."

मित्र उठला. "आवाज काढून टाकता येते?"

"येते."

"काढ. अन् फाईल पाठव." शटरखालून वाकून तो बाहेर गेला, गुरुजींसाठी शटर वर धरून उभा राहिला, आणि दोघे गेले.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मोबाईलवर फक्त फाईलबद्दलचे निरोप. 'मिळाली.' 'दुसरा भाग पाठव.' 'रंग कमी कर.' मी प्रत्येक निरोपाचं उत्तर लांबलचक लिहायचो, पुसायचो, आणि 'बरं' एवढंच पाठवायचो. अधूनमधून माझं मेकिंग जोडायला बसायचो. पण ते जुळेना. त्या सगळ्या परदेशी फिल्मांमध्ये एक माणूस हमखास असतो, कोणाचा तरी भाचा किंवा दिवे धरणारा, ज्याच्यामुळे सगळं बिघडतं. तो कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणतो, मला वाटलं कोणाला दिसणार नाही. त्या माणसाला मी सगळ्यात जास्त हसलेलो आहे. भट्टीमागे बसून, आचाऱ्याला बोलावून दाखवून हसलेलो आहे. आता माझ्या फिल्ममध्ये तो माणूस शोधायला मला कुठे जावं लागत नव्हतं. त्याच्या छातीवर माझ्या दुकानाचं नाव होतं.

टॉकीजमध्ये सिनेमा दुपारी दाखवायचा होता. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. मित्राने दारात पाहिलं आणि दार धरून ठेवलं, एवढ्यावर मी आत शिरलो. रिकामं थिएटर. मालक शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. त्याने चपला काढून पुढे ठेवल्या होत्या. मित्रासोबत आलेल्या गुरुजींनी हळूच मला सांगितलं, "पायाकडं पाहाय त्याच्या. चपला घातल्या की समजायचं गेला."

मग काय, मी सिनेमा पाहिलाच नाही. मी अंधारात त्या चपला पाहत होतो. कधी या रांगेत, कधी त्या रांगेत, जिथून पाय नीट दिसतील तिथे. नायक विहिरीपाशी मातीबद्दल बोलायला लागला तेव्हा मालकाचा एक अंगठा चपलेकडे गेला. बैल तांबडा झाला तेव्हा एक चप्पल पूर्ण पायात होती. नायिका 'मले' म्हणाली आणि दुसरी चप्पल अर्धी. मी खुर्ची बदलली, ती करकरली.

"एका जागी बस बे," मित्र दातांत म्हणाला. कितीतरी दिवसांनी मला उद्देशून बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

मी बसलो. मध्यंतर गेलं, मालक बिडी ओढून परत आला, आणि मित्राने इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या रांगेपर्यंत ऐकू आला. उत्तरार्धात दोन्ही चपला बराच वेळ पायांत होत्या. मालक खुर्चीच्या कडेवर आला होता. मग वावर आलं. पऱ्हाटी. दुरून हळूहळू येणारा कॅमेरा. जिथे मी डोकं वर काढणार त्याच्या क्षणभर आधी चित्र तुटलं आणि सगळा पडदा गुरुजींच्या चेहऱ्याने भरून गेला. दाणेदार झालेला, किंचित तिरका. बोटं बोंडावर. आवाज कसलाच नाही. काढून टाकला होता. मला मात्र तिथे माझी कुजबुज ऐकू येत होती आणि मी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसलो होतो, काही चुकू नये म्हणून.

बोटं थांबली. अंधार झाला. दिवे लागले.

मालकाच्या चपला पायांत होत्या, पण मालक खुर्चीत होता.

"बैल कोनं बदलला?" त्याने विचारलं.

"माह्या हातून झालं थे," मित्र म्हणाला.

"लोक हासतीन."

"हाव."

"नायक लय बोलते."

"हाव."

"शेवट बरा हाय," मालक उठत म्हणाला. "दुपारच्या खेळाले लावतो शुक्रवारपासून. पाहू किती दिवस चालते." आणि गुरुजींकडे वळून त्याने हात जोडले, आधी कधी भेटला नसल्यासारखे.

मित्र मटकन खाली बसला, दोन रांगांच्या मधल्या जमिनीवरच. चेहरा हातांत घेतला. तो चेहरा बघायला समोरून जायची मला फार इच्छा झाली, गेलो नाही. कॅमेरा आणला नव्हता, आणि असता तरी, मी स्वतःला असं सांगतो, गेलो नसतो. पण माझं तोंड मात्र ऐकेना. गुरुजी पायऱ्या उतरत होते. मी त्यांच्या मागे लागलो, हात धरला, आणि इतके दिवस कोंडलेलं एका दमात बोलून गेलो.

"गुरुजी, काही म्हना, शेवटी माहाच शॉट कामाले आला का नाही?"

गुरुजींनी खालची पायरी काठीने चाचपली, पाय टेकवला, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आला ना. त्याच्यात तू नाही, म्हनून आला."